मदत हवी आहे: स्कॅफोल्डवरचं खनिज पेशींनीच घातलंय, हे दाखवायचं कसं?

मृद्गंध:

नमस्कार मंडळी. इथे हाडांचे डॉक्टर आहेत, पदार्थविज्ञानवाले आहेत आणि सेल कल्चर करणारेही आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मी हाडातली मोठी पोकळी भरण्यासाठी एक स्कॅफोल्ड (पेशींना वाढायला आधार देणारा सच्छिद्र सांगाडा) बनवतेय. मूळ पदार्थ पॉलिकॅप्रोलॅक्टोन (शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक, पुढे पीसीएल), त्यात वजनाने 30 टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट, पुढे एचए), आणि थोड्या प्रमाणात एक तिसरा घटक. पेटंटचा अर्ज अजून झालेला नाही, त्यामुळे या घटकाचं नाव इथे देत नाहीये, समजून घ्या. मिश्रण वितळवून थ्रीडी प्रिंट करते, द्रावक अजिबात वापरत नाही. धाग्यांमधलं अंतर साधारण 400 मायक्रॉन.

या कामाकडे वळण्याचं कारण म्हणजे धातूचा ताठपणा. हाडाच्या कठीण भागाचा यंग्ज मोड्युलस (ताठपणाचं माप) 10 ते 30 गिगापास्कल असतो आणि टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा 110 च्या आसपास. सगळा भार धातूनेच उचलला की शेजारचं हाड विरळ होत जातं. भार सोसत सोसत हाडाला जागा करून देणारा आणि काम झालं की विरघळून जाणारा पदार्थ मिळावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आता अडचण. पेशी उंदराच्या कवटीपासून मिळवलेल्या, हाड बनवणाऱ्या, एमसी3टी3-ई1 नावाच्या. माध्यमात ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घालून 21 दिवस वाढवल्या आणि अलिझारिन रेड या खनिज दाखवणाऱ्या रंगाने रंगवल्या. पेशींचे नमुने सुंदर लाल झाले. पण पेशी न टाकलेले स्कॅफोल्डही लाल झाले! मोजल्यावर फरक दिसतो, पण दोन्ही आकडे इतके मोठे आहेत की त्या फरकावर माझाच भरवसा बसत नाही. हे खनिज पेशींनी तयार केलंय असं कोणत्या पुराव्यावर म्हणायचं?

दुसरी गोष्ट अशी की स्कॅफोल्ड मधोमध कापून पाहिला तर पेशी फक्त वरच्या थरात दिसतात, आत जवळजवळ कुणीच नाही.

प्राण्यांवरच्या चाचणीचा प्रस्ताव लिहायच्या आधी हे दोन्ही सुटायला हवं. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

गारगोटी:

अलिझारिन कॅल्शियमला धरतं. ते कॅल्शियम कुणी आणलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तुमच्या पदार्थात 30 टक्के कॅल्शियम फॉस्फेट आहे, तेव्हा तो लाल होणारच.

यात आणखी एक गुंता आहे. एचएचा पृष्ठभाग माध्यमातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट स्वतःकडे ओढतो आणि त्यावर नवं ॲपेटाइट (एचएसारखंच खनिज) आपोआप बसतं. कोकुबो यांच्या कृत्रिम शरीरद्रवाची चाचणी याच गुणावर उभी आहे, आणि त्या द्रवात एकही पेशी नसते. त्यामुळे 'नंतरचं वजा आधीचं' असा हिशोब केलात तरी नंतर वाढलेलं सगळं खनिज पेशींच्या खात्यावर टाकता येत नाही. तुमचा पेशींविना नमुना त्याच माध्यमात, तितकेच दिवस, माध्यम तितक्याच वेळा बदलून ठेवलेला होता का? कपाटातून काढून थेट रंगवला असेल तर तो कंट्रोल अपुरा आहे.

वापरून झालेलं माध्यम फेकू नका, त्यातलं कॅल्शियम मोजा. पेशी नसतानाही ते घटत असेल तर पदार्थच ते शोषतोय. शिवाय पेशींना मिळणारं कॅल्शियमही त्यामुळे कमी होतंय, आणि हा परिणाम तुम्ही कुठेच मोजत नाही आहात.

रामन किंवा एक्स-रे डिफ्रॅक्शन या खनिजाची रचना ओळखणाऱ्या तपासण्यांनी जुनं आणि नवं खनिज वेगळं करू, असा विचार मनात येईल. भट्टीत भाजलेल्या शुद्ध एचएमध्ये कार्बोनेट जवळपास नसतं आणि हाडातल्या खनिजात असतं, हे खरं. पण माध्यमातून आपोआप बसणाऱ्या ॲपेटाइटमध्येही कार्बोनेट येतं. म्हणून केवळ तेवढ्यावर दावा करू नका.

पिंपळपान:

गारगोटींशी पूर्ण सहमत. मी पेशींच्या बाजूने लिहिते.

खनिज हा अगदी शेवटचा टप्पा आहे. त्याआधी पेशी काय काय करते ते मोजा, कारण ते पदार्थाला जमत नाही. सगळ्यात आधी अल्कलाइन फॉस्फटेज. बीटा-ग्लिसरोफॉस्फेटमधून फॉस्फेट मोकळं करणारं एन्झाइम हेच. 7 आणि 14 व्या दिवशी मोजा आणि आकडा डीएनएने भागा, नाहीतर 'पेशी जास्त' आणि 'प्रत्येक पेशी जास्त कामसू' यांतला फरक कळणार नाही. सीरममध्येही हे एन्झाइम थोडं असतं, तेव्हा नमुने आधी नीट धुवा. त्यानंतर कोलॅजन, कारण खनिज ज्यावर रचलं जातं ती जाळी कोलॅजनची असते. हाड बनवणाऱ्या पेशींच्या खुणा असलेल्या जनुकांमध्ये सुरुवातीला रनक्स2 आणि नंतरच्या दिवसांत ऑस्टिओकॅल्सिन पाहा. ऑस्टिओकॅल्सिन प्रथिन म्हणूनही मोजता आलं तर उत्तमच.

पण माझ्या मते खरी वाट वेगळी आहे. तुमचा शोध एचएचा नाहीच ना? तो तुमच्या तिसऱ्या घटकाचा आहे. मग एक संच एचए वगळून करा. नुसतं पीसीएल एका बाजूला आणि पीसीएल अधिक तिसरा घटक दुसऱ्या बाजूला. त्या घटकात कॅल्शियम नसेल तर अलिझारिनची पार्श्वभूमी जवळपास नाहीशी होईल आणि जो लाल रंग उरेल त्याला अर्थ असेल.

याच्या जोडीला इन्सर्टची मांडणी करा. पेशी खाली प्लेटवर आणि पूर्ण स्कॅफोल्ड वर जाळीच्या इन्सर्टमध्ये, माध्यम दोघांना एकच. स्कॅफोल्डमधून पाझरणाऱ्या आयनांचा परिणाम पेशींवर होईल, पण रंगवायची फक्त प्लेट. पेशी स्कॅफोल्डला चिकटल्यावर काय होतं ते यातून कळत नाही, त्यासाठी वरचे संच आहेतच. मात्र जे कळतं ते स्वच्छ कळतं.

आणि काही नमुन्यांत लेव्हामिसोल घाला. ते अल्कलाइन फॉस्फटेजला अडवतं. त्याने खनिज घटलं तर ते बनायला पेशीचं एन्झाइम लागत होतं, असं म्हणायला जागा मिळते.

मृद्गंध:

पिंपळपान, एचए वगळायचं मनातच आलं नव्हतं, कारण पहिल्यापासून तिन्ही घटक एकत्रच धरून चालले होते. तिसऱ्या घटकात कॅल्शियम नाही, त्यामुळे हे लगेच करता येईल. एक शंका आहे. एचए काढलं की पृष्ठभाग गुळगुळीत होईल आणि पाणीही कमी धरेल. मग तुलना बरोबरीची राहील का?

गारगोटी, कंट्रोल त्याच माध्यमात, तितकेच दिवस ठेवलेला होता. माध्यमातलं कॅल्शियम मोजलेलं नाही. साठवलेले नमुने आहेत, त्यांवर मोजते.

गारगोटी:

पृष्ठभागाची शंका अगदी योग्य आहे. दोन्ही संचांना सोडियम हायड्रॉक्साइडची सारखीच प्रक्रिया द्या. पीसीएलचे एस्टर बंध पृष्ठभागावर तुटतात, खडबडीतपणा येतो आणि पाणी धरण्याची क्षमता वाढते. मग पाण्याच्या थेंबाचा संपर्ककोन दोन्हींवर मोजून आकडे शेजारी शेजारी द्या. पूर्ण सारखे नाही आले तरी चालेल, फरक किती आहे ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पिंपळपान:

आता पेशी आत का जात नाहीत त्याबद्दल. पीसीएल पाणी झटकतं. पूर्ण कोरड्या स्पंजवर पाण्याचा थेंब वरच बसून राहतो, तसंच तुमच्या पेशींच्या द्रवाचं होतंय, कारण छिद्रांमध्ये हवा अडकलेली असते. स्कॅफोल्ड आधी 70 टक्के इथेनॉलमध्ये बुडवून हवा निघू द्या, मग ते टप्प्याटप्प्याने बफरने बदला आणि रात्रभर सीरम असलेल्या माध्यमात ठेवा. सीरममधली फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिनं पृष्ठभागावर बसली की पेशींना पकड मिळते.

इथेनॉलचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. 70 टक्के इथेनॉलने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे त्याला निर्जंतुकीकरण म्हणू नका. ऑटोक्लेव्हचा मार्गही बंद आहे, कारण पीसीएल सुमारे 60 अंशांना वितळतं आणि ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर चालतो. प्राण्यांच्या चाचणीसाठी गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड वायू लागेल, आणि त्यानंतर ताकद व तिसरा घटक दोन्ही टिकतात का ते पुन्हा तपासावं लागेल. हे आत्ताच ठरवा. पेशींचे प्रयोग एका पद्धतीने निर्जंतुक केलेल्या नमुन्यांवर आणि प्राण्यांचे दुसऱ्या, असं झालं तर दोन्ही निष्कर्ष एकमेकांना जोडता येत नाहीत.

पेशी टाकताना द्रव थोडा आणि दाट घ्या, दोन-तीन तास पेशी चिकटू द्या, मग माध्यम भरा. प्लेट पेशी न चिकटणारी वापरा आणि मोजणीच्या आधी स्कॅफोल्ड प्लेटच्या नव्या वेलमध्ये (खळग्यात) हलवा, नाहीतर तळाला वाढलेल्या पेशीही तुमच्या आकड्यात येतील. एवढं करूनही मधला भाग रिकामा राहू शकतो. ऑक्सिजन नुसत्या विसरणाने पेशींच्या दाट थरात 100 ते 200 मायक्रॉनपर्यंतच पुरतो. जाड स्कॅफोल्डसाठी माध्यम छिद्रांमधून वाहतं ठेवणारा परफ्युजन बायोरिॲक्टर लागतो. तो मिळण्यासारखा नसेल तर पेशींच्या प्रयोगांपुरते पातळ नमुने प्रिंट करा.

उंबरठा:

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे. वरची चर्चा वाचून फार बरं वाटलं. टेबलाच्या या बाजूने थोडं लिहितो.

कमरेच्या हाडातून काढलेला रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा कलम (ग्राफ्ट) आजही आमचा मापदंड आहे. त्यात जाळी असते, जिवंत पेशी असतात आणि वाढीचे संदेश देणारी प्रथिनंही असतात. रुग्णाला मात्र दुसरी जखम सोसावी लागते, तिथलं दुखणं कधी कधी बराच काळ राहतं, आणि हाड मिळतं तेही मोजकंच. म्हणून तुमच्यासारख्यांच्या कामाची आम्हाला खरोखर गरज आहे.

400 मायक्रॉनचं अंतर चांगलं आहे. साधारण 300 च्या वर रक्तवाहिन्या आत शिरायला सोपं जातं. पण ही छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का आणि जोडणीची तोंडं किती रुंद आहेत, हे मायक्रो-सीटीने (अतिसूक्ष्म सीटी स्कॅनने) दाखवा. सरासरी सच्छिद्रतेचा नुसता आकडा आम्हाला काही सांगत नाही. शरीरात पेशी प्रामुख्याने कडेने, रक्ताबरोबर आत येतात, त्यामुळे प्लेटमध्ये मधला भाग रिकामा राहिला म्हणून पदार्थ फुकट गेला असं समजू नका.

पीसीएल जायला दोन-तीन वर्षं लागू शकतात आणि भाजलेलं एचए तर अनेक वर्षं तसंच राहतं. 'काम झालं की विरघळून जाणारा' असं तुम्ही लिहिलंय, ते एचएबाबत जपून लिहा. जागा लवकर मोकळी व्हायला हवी असेल तर बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा विचार करा, ते एचएपेक्षा लवकर विरघळतं. आणि भार सोसण्याबद्दल स्पष्ट सांगतो. तुमचा मोड्युलस हाडाच्या जाळीदार भागाशी जुळत असला, तरी मांडीच्या हाडातल्या मोठ्या पोकळीत हा एकटा उभा राहणार नाही. बाहेरून प्लेट किंवा आतून रॉड लागेलच. प्रस्तावात तसं लिहिलंत तर सर्जनचा विश्वास वाढतो.

सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी आधी टेफ्लॉन वापरलं होतं. घर्षण अत्यंत कमी म्हणून ते आदर्श वाटलं, पण शरीरात ते झिजलं आणि त्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींना त्रास दिला. नंतर 1962 पासून त्यांनी अतिशय लांब रेणूंचं (अतिउच्च रेणुभाराचं) पॉलिथिलीन वापरलं आणि ती शस्त्रक्रिया जगभर गेली. म्हणून तुमचा पदार्थ विरघळताना त्यातून जे कण सुटतील, त्यांचीही चाचणी प्रस्तावात घाला.

काजवा:

पेटंटपुरतं लिहितो. घटकाचं नाव दिलं नाहीत ते फार चांगलं केलंत. परिषदेतलं पोस्टर आणि ग्रंथालयात खुला झालेला प्रबंध यांनाही जाहीर करणंच समजतात. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाची सवलत आहे, युरोपात तशी सर्वसाधारण सवलत नाही. पहिला अर्ज झाला की बाकीच्या बहुतेक देशांत त्याच तारखेचा हक्क मागायला 12 महिने मिळतात.

इथे सुचवलेला एचएविना संच अर्जालाही उपयोगी पडेल. परिणाम नेमका कोणत्या घटकामुळे झाला हे दाखवणारं तुलनात्मक उदाहरण दाव्याला बळ देतं.

मृद्गंध:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतेय: आधी साठवलेल्या माध्यमातलं कॅल्शियम मोजते. मग सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया दिलेले पातळ नमुने, एचएसह आणि एचएविना, तिसऱ्या घटकासह आणि त्याविना, असे चारही संच. अल्कलाइन फॉस्फटेज डीएनएने भागून, ऑस्टिओकॅल्सिन, इन्सर्टची मांडणी, आणि एका संचात लेव्हामिसोल. परिषदेचा गोषवारा अर्ज होईपर्यंत थांबवते.

उंबरठा, एकच विचारायचं राहिलं. एचएऐवजी बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घेतलं तर एक्स-रेवर स्कॅफोल्ड आणि नवं हाड वेगळं ओळखणं तुम्हाला सोपं जाईल की अवघड?

उंबरठा:

सुरुवातीला दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. नंतर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरत जातं आणि त्या जागी हाडाच्या रेषा दिसू लागतात, त्यामुळे पुढच्या एक्स-रेंमध्ये प्रगती वाचता येते. एचए तसंच पांढरं राहतं आणि आत हाड भरलंय की नाही हे सांगणं आम्हाला कठीण जातं. प्राण्यांच्या चाचणीत मात्र केवळ एक्स-रेवर थांबू नका. मायक्रो-सीटी करा आणि हाडातलं कॅल्शियम न काढता पातळ छेद घेऊन पाहा.