धुपनी, धुपणी की प्रदर?

वैनगंगाकाठ :
आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आदिवासी आरोग्याचा एक जुना डेटाबेस आहे. अहवाल, प्रबंध, कात्रणं आणि गावागावांतून लिहून घेतलेली झाडपाल्याची माहिती असं सगळं त्यात आहे. तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणला, आता शब्द टाकून शोधता येतं, आणि तिथंच घोडं अडलंय. 'धुपणी' टाकलं की एक गठ्ठा निघतो, 'धुपनी' टाकलं की दुसराच. पहिल्याच्या इंग्रजी रकान्यात सरसकट ल्युकोरिया, म्हणजे बाईच्या अंगावरून पांढरं जाणं. दुसऱ्यात कुठे ल्युकोरिया, कुठे मेनोरेजिया, म्हणजे पाळीत रक्त जास्त जाणं. म्हणजे एकाच झाडाची साल एका नोंदीत पांढरं जाण्यावर आणि दुसरीत रक्त जास्त जाण्यावर. विषयशीर्षक एकच ठेवायचंय. आमच्या घरी हा शब्द फक्त पांढऱ्यासाठी होता. आमचे एक वयस्क सभासद म्हणतात, तांबडी धुपणीही असते. तुमच्याकडे काय म्हणतात?

शुद्धमराठी :
प्रमाण रूप 'धुपणी'. 'धुपनी' हा उच्चारभेद आहे, सूचीत त्याला वेगळी जागा देऊ नये. दोन्ही गठ्ठे एक करा आणि वर शास्त्रीय संज्ञा ठेवा : श्वेतप्रदर, रक्तप्रदर. वाद मिटतो. आणि वाचनालयाने तरी 'डेटाबेस' लिहू नये. 'विदागार' हा चांगला घडवलेला शब्द आहे.

झाडीपट्टी :
याला उच्चारभेद म्हणून मोडीत काढू नका. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीत ण नाहीच. ळ, छ, श, ष हेही नाहीत. डोळा तो डोरा, काळा तो कारा. सगळ्या 'धुपनी' दुरुस्त करून टाकल्या तर कोणती नोंद बाईच्या तोंडून घेतली आणि कोणती पुस्तकातून उतरवली, हे कळायची एकमेव खूण जाईल. यंत्राला दोन्ही रूपं जोडून द्या, पण मूळ नोंदीला हात लावू नका.

नर्सताई :
मी कुरखेड्याकडे उपकेंद्रात होते. बाई येते, दारातच उभी राहते, बाकीच्या बाया निघून जाईपर्यंत तोंड उघडत नाही. मग हळूच म्हणते, 'मले धुपनी जाते जी.' पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा पांढरंच निघतं. पण ती सांगते त्यात कंबर धरणं, हातापायांची आग, जेवण न जाणं, अंग सुकत जाणं हे सगळं येतं. 'श्वेतप्रदर' म्हटलं की त्यातलं एकच लक्षण उरतं.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातला आहे. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. एवढं दुखणं बाया ज्या शब्दात सांगतात, तोच शीर्षकातून काढून टाकला तर माहिती शोधायला आलेली आशाताई टाकणार काय? तिला 'प्रदर' कोणी शिकवलाय?

मेळघाटी :
धारणीकडे हा शब्द माझ्या कानावर नाही. पण व्युत्पत्ती उघड दिसते : जमीन धुपते, तसं शरीर धुपतं. बांध नसला की पावसात माती वाहून जाते आणि वावर खंगतं. ज्या कोण्या बाईने पहिल्यांदा हा शब्द वापरला, तिला दुखणं नेमकं कळलं होतं.

शुद्धमराठी :
कल्पना सुंदर, पण पुरावा? 'धूप' म्हणजे ऊन, उष्णता. हा उष्णतेचा विकार मानतात, त्यावरून नाव पडलं असेल.

झाडीपट्टी :
धूप म्हणजे ऊन, हे हिंदीत. आमच्याकडे ऊन म्हणजे ऊनच.

मेळघाटी :
आणखी एक. आमच्याकडच्या नोंदी घेतल्या असतील तर 'भुमका' म्हणजे 'वैदू' असं भाषांतर करू नका. भुमका देवाचंही पाहतो, आजाराचंही पाहतो. आणि 'डंबा' नुसता 'पारंपरिक उपचार' या शीर्षकाखाली टाकू नका. तापल्या लोखंडाने तान्ह्या बाळाच्या पोटावर दिलेले चटके असतात ते. नोंद हवीच, पण 'घातक' हा शेरा त्याच पानावर हवा.

शुद्धमराठी :
मुळात संग्रहाचं नावच तपासा. 'इंडिजिनस' या शब्दाला 'देशीय' हा नेमका शब्द आहे. 'देशीय आरोग्यज्ञान विदागार' करा.

कोइतूर :
देशी म्हटलं की गाय, कोंबडी, नाहीतर दारू. माणसांना तो शब्द लावू नका. संविधानात 'अनुसूचित जमाती' आलं, पण संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा 'आदिवासी' या शब्दासाठी भांडले होते. आम्ही गोंड स्वतःला कोइतूर म्हणतो. कोरकूंचं नाव त्यांच्याच भाषेतलं आहे, कोरो म्हणजे माणूस. तेव्हा गोंड, माडिया, कोलाम, कोरकू अशी वेगळी नावं द्या. कॅनडात ब्रायन डीअर या मोहॉक आदिवासी समाजातल्या ग्रंथपालाने १९७०च्या दशकात आपल्या लोकांसाठी वेगळं वर्गीकरणच बांधलं, कारण बाहेरच्या कप्प्यांत ते बसत नव्हते.

पण शब्दाआधी मला दुसरंच विचारायचंय. त्या सालीची माहिती ज्या पुजाऱ्याने, म्हणजे गावात झाडपाल्याचं औषध देणाऱ्याने दिली, त्याला ती संगणकावर सगळ्यांना दिसणार हे सांगितलं होतं का?

वैनगंगाकाठ :
माहिती कोणी दिली तो रकाना बहुतेक नोंदींत रिकामा आहे. गावाचं नाव तेवढं आहे.

झाडीपट्टी :
मग खुलं ठेवणंच बरं. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते लिखित पुरावे होते म्हणून. नंतर केंद्राने पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं, पण त्याचा भर आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर. पुजाऱ्याच्या तोंडची विद्या कुठेच लिहिलेली नसेल तर उद्या तिच्यासाठी भांडणार कशाच्या जोरावर?

कोइतूर :
लिहा की. पण ती कोणाला दाखवायची हे ग्रामसभेला ठरवू द्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, मग त्याच जंगलातल्या सालीच्या माहितीवर गावाचा हक्क का नको? गावाचं नाव आहे म्हणता ना? ग्रामसभेला पत्र टाका.

नर्सताई :
पत्राने भागणार नाही, स्वतः जा. आणि सोबत बाई न्या. धुपनीबद्दल पुरुषाला कोणी सांगणार नाही.

शुद्धमराठी :
मान्य. पण पत्रात 'विदागार' लिहायला काय हरकत आहे?