मोझेल, ऑक्टोबरात: तीन नको, चार दिवस ठेवा

जर्मनीत मोझेल नदीकाठाने ट्रिअर ते कोब्लेन्झ सायकलने तीन दिवसांत होईल का, असं एकाने विचारलंय. अंतर साधारण २०० किमी, नदीकाठचा जवळपास सपाट रस्ता. तरी चार दिवस ठेवाच. ऑक्टोबरात सकाळी दरीत धुकं साचतं आणि ओल्या पानांवर वळताना चाक घसरतं. दिवे दिवसाही लावा.

‘दमलो तर ट्रेन पकडू’ हा हिशेब मधेच चुकतो: श्वाइख ते बुलाय या गावांदरम्यान रेल्वे नदी सोडून जाते, नदीच्या त्या वळणांत फक्त बुलायहून ट्राबेन-ट्रारबाख गावाला जाणारा रेल्वेचा फाटा आहे.

आणि फेडरवायसर, म्हणजे अर्धवट आंबलेला द्राक्षरस, जरूर प्या. पण बाटली उभीच न्या. तो अजून आंबत असतो, वायू सुटावा म्हणून झाकण घट्ट नसतं. पिशवीत आडवी झाली की सगळे कपडे चिकट.