अध्यक्ष शाळेतल्या मुलांचा पालकच हवा

'गावातला वजनदार माणूस शाळा समितीचा अध्यक्ष झाला की शाळेची कामं होतात', हे काही पटलं नाही, दादा. शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणारी गावची विकास सोसायटी नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. (कागदावर असतात हो! रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतल्या की झालं.) शाळा विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं ही समितीची कामं. ज्याची पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्याला इथल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही हे कळणार कधी? आणि पालकसभा संध्याकाळी ठेवा. सकाळी अकराला मजुरीवरच्या बाया येणार कशा?