जनुक शाबूत, पण गप्प
एक मुद्दा नेहमी मांडला जातो की कॅन्सर पेशींवरच्या शर्करांच्या साखळ्या बदलतात, म्हणजे त्या घडवणाऱ्या एन्झाइमांच्या जनुकांत म्युटेशन, म्हणजे अक्षरांत बदल, झालेलं असणार. बहुतेक वेळा तसं नसतं. जनुक धडधाकट असतं, फक्त त्याचं वाचन बंद पडलेलं असतं.

मोठ्या आतड्याचंच बघा. निरोगी आतड्यात बी४गॅलएनटी२ हे एन्झाइम साखळीच्या टोकाशी आणखी एक शर्करा जोडून एसडीए नावाची रचना तयार करतं. कॅन्सरमध्ये पुष्कळदा या एन्झाइमाच्या जनुकाच्या प्रमोटरवर (जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं तो भाग) मेथिल गट, म्हणजे वाचन थांबवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, बसतात आणि एसडीए दिसेनासं होतं. मग त्याच कच्च्या मालावर डोळा असलेल्या, फ्यूकोज ही शर्करा जोडणाऱ्या एन्झाइमांना रान मोकळं! त्यांनी घडवलेल्या सायलिल लुईस ए आणि एक्स या शर्करा-रचना वाढतात. रक्तवाहिनीच्या अस्तरावरचं ई-सिलेक्टिन हे प्रथिन नेमकं यांनाच धरतं, त्यामुळे रक्तातून फिरणाऱ्या पेशींना नव्या जागी रुजायला मदत होते. त्यात गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ या, ऑक्सिजन कमी असताना जागं होणाऱ्या प्रथिनामुळे एफयूटी७सारखी फ्यूकोज जोडणाऱ्या एन्झाइमांची जनुकं आणखी जोर धरतात.

सीए १९-९ या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक गोष्ट: ही चाचणी सायलिल लुईस ए मोजते. ज्यांचं एफयूटी३ (ही रचना घडवायला लागणारं, फ्यूकोज जोडणाऱ्या एन्झाइमाचं जनुक) जन्मतःच निकामी असतं (साधारण ५ ते १० टक्के लोक), त्यांच्यात स्वादुपिंडाचा कॅन्सर असूनही आकडा सहसा वाढत नाही. इथे दोष खरंच जनुकाच्या अक्षरांत आहे, पण तो आईवडिलांकडून आलेला, गाठीतला नव्हे.