रात्रीचं आत्मपरीक्षण: चुकांची यादी लांबते, माणूस तसाच राहतो. अडतं कुठे?

कोरी_पाटी

'स्वतःला तपासा' हे चर्चमधल्या उपदेशात खूपदा ऐकायला मिळतं, पण तपासायचं म्हणजे बसून नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. वहीत चुका लिहायचं ठरवलं की दोनपैकी एक होतं. एक तर रोज तीच चार वाक्यं उतरतात: चिडलो, आळस केला, प्रार्थना राहिली, नको ते बोललो. नाही तर मन इतकं खट्टू होतं की वही उघडायचीच धास्ती वाटते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. किती वेळ आणि कोणत्या क्रमाने करावं? सुधारणा होतेय की नाही हे कळणार कसं? आणि यात देवाची कृपा कुठे येते, की हा सगळा आपल्याच जोरावरचा खटाटोप?

दिवेलागण

क्रमाचं मी सांगतो, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं. चुकांपासून सुरुवात केली की आपण आपल्याच कोर्टात आरोपी आणि न्यायाधीश दोन्ही होतो. मग एक तर सवलत देतो, नाही तर झोडपतो.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांचा पाच टप्प्यांचा क्रम अजूनही सगळ्यात पक्का आहे, आणि तो पाळायला कॅथलिकच असायला हवं असं नाही. आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमेची विनंती, उद्याचा निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली 'हे आमच्या पित्या'. पंधरा मिनिटं पुरतात. ढोबळ वाटणी: ३, १, ६, २ आणि ३.

आभार मोघम नकोत. 'आरोग्याबद्दल धन्यवाद' म्हणून भागत नाही. आज कोणी, किती वाजता, काय केलं ते आठवायचं. मिळालेलं दिसलं की त्याचं आपण काय केलं हेही आपोआप दिसू लागतं, म्हणून हा टप्पा पहिला.

प्रकाश मागायचा कारण हृदय सर्वांत कपटी आहे (बायबल, यिर्मया १७:९). स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी इथे म्हणाव्यात. त्यात स्तोत्रकर्ता 'मी माझी झडती घेतो' म्हणत नाही, देवाला घ्यायला सांगतो.

उजळणी तासातासाने किंवा दिवसाच्या एकेका तुकड्याने करायची: आधी विचार, मग शब्द, मग कृती. नुसतं 'आज काय चुकलं?' विचारलं तर स्मरणशक्ती मोठा प्रसंग तेवढा पुढे करते आणि बाकीचा दिवस गिळून टाकते. दिवसाचे पाच-सहा तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात समोर कोण होतं आणि आत काय चाललं होतं, एवढंच बघा.

आता तुमच्या 'चिडलो'कडे. तो नुसता शिक्का आहे, घटना नाही. घटना अशी लिहितात: 'अकरा वाजता त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलं, कारण माझी चूक बाहेर येईल असं वाटलं.' खरा माल 'कारण'च्या पुढे असतो. राग बहुतेक वेळा नुसता दारावरचा रखवालदार. आत भीती किंवा अहंकार बसलेला असतो. रोज तीच चार वाक्यं येतात ती याच कारणाने: रखवालदाराचंच नाव परत परत लिहिलं जातं.

याच टप्प्यात, करायला हवं होतं आणि केलं नाही, तेही बघा. याकोब ४:१७ त्याला सरळ पाप म्हणतो. वह्यांमधून हा रकाना जवळजवळ नेहमी गायब असतो.

क्षमा मागताना गोष्टीचं नाव घ्या, एकदा मागा, थांबा. निश्चय एकच, आणि तोही उद्याच्या ठरावीक वेळेचा. 'उद्या प्रेमाने वागेन' कुठेच चिकटत नाही. 'उद्याच्या बैठकीत समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडणार नाही' हे चिकटतं.

अंथरुणात पडून करू नका, आभार संपायच्या आत झोप लागते. रात्री दमायला होत असेल तर संध्याकाळी जेवणाआधी बसा.

मोहरीदाणा

मोजण्याबद्दल. इग्नेशियस यांच्याकडेच यासाठी वेगळी रीत आहे, ती वरच्या पाच टप्प्यांखाली झाकली जाते. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी उठल्यावर त्याच्याबद्दल सावध राहण्याचा निश्चय, दुपारच्या जेवणानंतर पहिली तपासणी, रात्रीच्या जेवणानंतर दुसरी. कागदावर प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा, एक दुपारची, एक रात्रीची. दोष जितक्यांदा घडला तितके ठिपके त्या रेघेवर. पहिल्या दिवसाच्या रेघा सगळ्यांत लांब, पुढच्या आखूड होत जातात. म्हणजे ठिपक्यांना जागा कमी लागावी ही अपेक्षा कागदावरच आखलेली. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडून बघायची, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. दोष घडला त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही, आणि संध्याकाळी आठवायला सोपं जातं.

दोष निवडताना लोक सर्वांत लाजिरवाणा उचलतात. त्याऐवजी ज्याला बाकीच्यांच्या फांद्या फुटतात तो शोधा. आणि तो मोजता आला पाहिजे. 'गर्व' मोजता येत नाही. 'कौतुक व्हावं म्हणून विषय स्वतःकडे वळवला' हे मोजता येतं.

पहिल्या आठवड्यात ठिपके बहुधा वाढतात. बिघडलात असं नाही, दिसायला लागलं. उलट तिसऱ्या दिवशीच शून्यावर आले तर मला शंका येते: दोष चुकीचा निवडलाय किंवा नजर चुकवली जातेय. एका दोषावर चार ते सहा आठवडे राहा. दर आठवड्याला नवा दोष घेतला तर रेघा ताडायला काही उरतच नाही.

नुसतं थांबवणं पुरत नाही. लूक ११:२४-२६ मध्ये दुष्ट आत्मा सोडून गेलेलं घर झाडून-लोटून रिकामं ठेवलेलं असतं, म्हणून आत आणखी सात आत्मे येतात. इफिस ४:२८ मध्ये चोराला 'चोरी सोड' एवढ्यावर सोडलेलं नाही. हाताने काम कर, गरजूला दे, असं पुढे आहे. तेव्हा ठिपक्यांच्या शेजारी उलट कृतीची एक खूणही ठेवा. वाक्य तोडण्याची खोड असेल तर 'पूर्ण ऐकून मग एक प्रश्न विचारला' याची खूण.

उंबरठा

वरचं सगळं मान्य, पण ठिपक्यांचा मला धाक वाटतो. लूक १८ मधल्या परुश्याचा, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाचा, हिशेब अगदी चोख होता: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश. त्याची बेरीज चुकली नव्हती. त्याने माप म्हणून तिथेच उभा असलेला, लोक पापी समजत तो जकातदार घेतला, तिथे घोटाळा झाला. ठिपके कमी झाल्यावर आपल्याहून वाईट कोणाची तरी आठवण येऊन बरं वाटलं, तर ही तुलनाच पुढच्या महिन्याचा दोष म्हणून घ्यावी.

तुमचा तिसरा प्रश्न. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये 'तुम्ही झटा' आणि 'करवून घेणारा देव आहे' हे एका दमात आलंय, त्यातलं एक सोडून दुसरं घेता येत नाही. गलती ५ मधल्या प्रेम, आनंद, शांती अशा नऊ गुणांना आत्म्याचं 'फळ' म्हटलंय. फळ घडवता येत नाही, पण तण उपटायचं काम मात्र आपलंच. आणि निकाल देणं आपलं काम नव्हे. प्रेषित पौल १ करिंथ ४:३-४ मध्ये म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही. मन दोष देत नाही म्हणून मी निर्दोष ठरत नाही. झडतीवर थांबायचं, शिक्षा सुनवायची नाही.

वही उघडायची धास्ती वाटते म्हणालात ना? येशूला पकडून देणारा यहूदा आणि त्याला नाकारणारा पेत्र, दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने तर त्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणीही परत नेऊन टाकली. पण एक लोकांपासून आणि देवापासून दूर गेला, दुसरा रडला आणि बाकीच्यांमध्ये टिकून राहिला. २ करिंथ ७:१० मधला दोन दुःखांचा फरक, एक तारणाकडे नेणारं आणि एक मरणाकडे नेणारं, इथे दिसतो. आत्म्याने दाखवलेल्या दोषाला नाव असतं, वेळ असते आणि पुढची वाट असते. 'तू असाच आहेस, सुधारणार नाहीस' यात तिन्ही नसतात. असलं वाक्य वहीत आलं की खोडून टाका, त्याला उत्तर देत बसू नका.

कोरी_पाटी

हे खूप उपयोगी आहे. आणखी दोन शंका. चूक दुसऱ्या माणसाबाबत घडली असेल तर देवाकडे क्षमा मागून भागतं का? आणि कबूल केलेलंच पाप परत परत कबूल करावंसं वाटत असेल तर?

जुना_करार

पहिल्याचं उत्तर: नाही. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायचं. नुकसान केलं असेल तर नियमशास्त्रात आकडासुद्धा दिलाय: गणना ५:७ नुसार मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे शंभराचे एकशेवीस. येशूला भेटलेला जकातदार जक्कय आपणहून चौपटीवर गेला.

माफी मागताना काय केलं ते नाव घेऊन सांगा, काय भरून देणार ते सांगा, क्षमा मागा आणि उत्तराची घाई करू नका. 'पण' आणि 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे शब्द आले की माफीचं रूपांतर तक्रारीत होतं. मात्र कोणाबद्दल नुसतं मनात वाईट आलं असेल आणि त्याला त्याची गंधवार्ता नसेल, तर त्याच्या दारात जाऊन ते ओतू नका. हलकं आपल्याला वाटतं, ओझं त्याला होतं. गुंतागुंत असेल तर आधी पाळकांशी किंवा फादरांशी बोला.

दुसरी शंका महत्त्वाची आहे, कारण वरचे सगळे सल्ले अशा माणसाला घातक ठरतात. इग्नेशियस यांचं म्हणणं असं: शत्रू, म्हणजे सैतान, जाड (टोचणीच न लागणाऱ्या) मनाला आणखी जाड करतो आणि नाजूक (जरा कशानेही टोचणी लागणाऱ्या) मनाला आणखी नाजूक. म्हणून ज्याचं मन ज्या बाजूला झुकतं त्याने उलट बाजूला जोर लावावा. नाजूक मनाच्या माणसाने ठिपके मांडूच नयेत. पाच मिनिटं, आभार आणि क्षमा, लेखन बंद. एकाच जाणत्या माणसाचा सल्ला घ्यायचा, दहा जणांना विचारत फिरायचं नाही. कबूल केलेलं पुन्हा कबूल करायचं नाही, मन कितीही ओढलं तरी. तासन् तास त्यातच जात असतील, तेच विचार किंवा तीच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, तर तो ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. त्यात विश्वास कमी पडण्याचा प्रश्न नाही.

मोहरीदाणा

एक राहिलं: दुसऱ्याचे डोळे. दुसऱ्याची बायको घेतलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. दाविदाने त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा आणि चौपट भरपाई सुनावली, तरी तो माणूस आपणच आहोत हे नाथानाने सांगेपर्यंत कळलं नाही (२ शमुवेल १२). दुसऱ्याचं कुसळ आणि आपलं मुसळ, दुसरं काय.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी लहान गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातून एकदा भेट, आणि दर भेटीत ठरलेले प्रश्न: मागच्या भेटीनंतर कोणतं पाप घडलं, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही अशी शंका कशाबद्दल आहे. तिसरा प्रश्न गाळू नका. सुटका कशी झाली हे बोललं नाही तर पुढच्या वेळी ती वाट सापडत नाही.

दोन-तीन माणसं पुरेत, तीच माणसं दर आठवड्याला. विचारल्याशिवाय सल्ला नाही, ऐकलेलं बाहेर नाही. असे गट फसतात ते सगळे 'प्रार्थना कमी पडली' छापाची सभ्य पापं सांगत बसतात म्हणून. पहिल्या माणसाने खरं सांगितलं की बाकीच्यांना सोपं जातं, तेव्हा पहिला कोण बोलणार ते आधीच ठरवून घ्या.

दिवेलागण

वहीबद्दल एक बारीकसं. महिना झाला की लिहिलेली पानं फाडून टाका, रेघांचा कागद तेवढा ठेवा. क्षमा झालेल्याचं दप्तर सांभाळून ठेवलं की लोक ते उघडून वाचत बसतात, आणि कोरी_पाटी म्हणतात ती धास्ती तिथूनच परत येते.