जुना संगणक आणि घरची शाळा
घरी शिकणाऱ्या मुलांना विंडोजच शिकवावे, नाहीतर पुढे त्यांचे अडते, हे मत मला पटत नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबली, तेव्हा नाशिकरोडच्या आमच्या घरातला ४ जीबी रॅमचा संगणक भंगारात न देता मी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक प्रणाली बसवली; मुलगी आता त्यावरच लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये किराण्याचा हिशेब मांडते आणि बेरीज चुकली की सूत्रातला राहिलेला कंस स्वतःच शोधते. प्रिंटरने मात्र माझे दोन रविवार खाल्ले, हे कबूल करतो. परीक्षेचे म्हणाल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी शाळेत न जाताही देता येते, आणि तिथे घरी कोणती प्रणाली वापरता हे कोणी विचारत नाही.