लोकुम, पेराद, रबरी हलवा... तुमचे चिकट अनुभव सांगा

खारा_शेंगदाणा
काल ऑफिसातला एकजण इस्तंबूलहून आला आणि त्याने डबा फिरवला. लोकुम, म्हणजे टर्किश डिलाइट ही तुर्की मिठाई, पांढऱ्या पिठात लोळवलेले गुलाबी चौकोन. एक तोंडात टाकला आणि मी थेट रत्नागिरीच्या आजोळी. मामा बोटीवर होता, मी तिसरीत असेन. त्याने असाच डबा आणला आणि येऊन झोपला. आजीने झाकण उघडलं, "अगो बाई, बुरशी आली की ह्याला," म्हणत एकेक वडी नळाखाली स्वच्छ धुतली आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर वाळत घातली. मामा उठून बघतो तर वड्या आणि फडकं एकजीव. शेवटी आम्ही पोरांनी फडकंच चोखलं, गुलाबाची चव आणि मधेमधे निळीची. ते पांढरं म्हणजे पिठीसाखर आणि कॉर्नफ्लॉवर असतं, वड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणूनच लावतात, हे मला काल कळलं.
तुमचे पण येऊद्यात. लोकुमच हवं असं नाही, जेलीसारखं चिकट काहीही चालेल.

निवांत_काकू
आजी!!! हसून पोट दुखलं. आमच्या ह्यांनी वडी तोंडात घालताना नेमका श्वास आत घेतला, पीठ घशात, असा ठसका लागला की समोरच्या जावयाचा काळा शर्ट पांढरा. कुकरची शिट्टी झाली, आले.

धुरकट_चष्मा
मला अजिबात आवडलं नाही. मोती साबण खाल्ल्यासारखं वाटलं. एअरपोर्टवरून घेतलेलं, दात उपटून निघतो की काय असं झालं.

फिरस्ता_सातारकर
चष्मा, तिथेच चुकलं. बंद डब्यातलं किती महिन्यांचं असतं कोण जाणे. इस्तंबूलच्या एमिनोनू भागात मसाल्याच्या बाजारात, मिसिर चारशीत जा, किलोवर मिळतं. दुकानदार कात्रीने तुकडा कापून आधी चाखायला देतो, चार दुकानं फिरलं की नाश्ता होतो (मी केलाय). जवळच हाजी बेकिरचं दुकान आहे, १७७७ पासूनचं. ताजं लोकुम बोटाने दाबलं की दबतं आणि सावकाश वर येतं, हीच खूण. गुलाब नको वाटला तर डाळिंब आणि पिस्तावालं घ्या, पिस्ते इतके ठासून भरलेले की वडी कमी पिस्ता जास्त. बरोबर बिनसाखरेची कडू तुर्की कॉफी हवीच, तरच त्या गोडाला अर्थ आहे. नुसतं खात बसलात तर तिसऱ्या वडीला कंटाळा येणारच. जुनं नाव राहत-उल-हुल्कूम, म्हणजे घशाला आराम. निवांत काकूंच्या ह्यांना हे सांगू नका.

निवांत_काकू
सांगितलं. म्हणतात आराम कसला, घसा अजून खवखवतोय.

श्टुटगार्टची_सून
आमच्या खालच्या मजल्यावर तुर्की आजी आहेत. रमजान ईदेला ते लोक शेकर बायराम म्हणतात, म्हणजे साखरेचा सण. पहिल्या वर्षी गेले तर दारातच त्यांनी हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओतलं आणि मग लोकुमची बशी पुढे केली. मला एकदम हळदीकुंकवाची गुलाबदाणी आठवली आणि डोळ्यात पाणीच आलं, नवीन होते ना तेव्हा. मग त्या काहीतरी म्हणाल्या, नातीने जर्मनमध्ये समजावलं: गोड खाऊया, गोड बोलूया. अहो, हा तर आपला तिळगूळ झाला! मी जानेवारीत त्यांना तिळाच्या वड्या नेऊन दिल्या. त्यांना दात नाहीत हे तेव्हा कळलं.
आणि शाकाहारी लोकांनो, इथल्या गमी बेअर टाइप गोळ्यांत बहुतेक वेळा जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं) असतं, पण अस्सल लोकुम नुसत्या स्टार्चवर जमवतात. तरी डब्यावर वाचूनच घ्या.

आळशी_बोका
कॉर्नफ्लॉवर म्हणजे उपासाला चालत नाही ना?

निवांत_काकू
नाही रे बोक्या, मक्याचं असतं ते. तू उपास कधीपासून करतोस?

आळशी_बोका
मी नाही, बायको. मला साबुदाणा खिचडी मिळते म्हणून चौकशी ठेवावी लागते.

तिबिलिसी_एमबीबीएस
घाईत लिहितोय, उद्या अॅनाटॉमी आहे. इथे जॉर्जियात चुर्चखेला म्हणून प्रकार मिळतो. रस्त्याच्या कडेला दोऱ्यावर लटकवलेला, तपकिरी, वाकडातिकडा. मला पहिले दोन महिने मेणबत्त्याच वाटायच्या. दोऱ्यात अक्रोड ओवतात आणि द्राक्षाचा रस पीठ घालून घट्ट शिजवलेला असतो त्यात बुडवून वाळवतात, परत बुडवतात. लातूरच्या रूममेटने दोऱ्यासकट खाल्ला. अर्धा दोरा आत, अर्धा बाहेर, आम्ही पाच भावी डॉक्टर आणि एकालाही सुचेना ओढायचा की गिळू द्यायचा. ओढला. चव आंबटगोड, गोड कमीच, मला तरी लोकुमपेक्षा भारी वाटतं.

म्हापशेकर
तुम्ही सगळे लांब लांब फिरून आलात, आमचं गोव्याचं पेराद कोणालाच आठवलं नाही. पिकलेले पेरू, साखर आणि लिंबू, बस. गर चाळून बिया काढायच्या नि हात गळेपर्यंत घोटायचं. गोळा भांड्याच्या कडा सोडतो तेव्हा झालं, त्याआधी उतरवलं तर जॅम. स्टार्च बिर्च काही लागत नाही, पेरूतच घट्ट करणारं पेक्टिन असतं. नाताळात दोदोल आणि बेबिंकाच्या शेजारी लालभडक चौकोन असले की आधी हात तिकडेच जातो. आई घोटताना उडालेल्या थेंबाचा डाग माझ्या मनगटावर अजून आहे.

धुरकट_चष्मा
पेराद मान्य. त्यावर वाद नाही. मुंबईचा रबरी हलवा पण मान्य, दाताला लागतो पण साजूक तूप असतं, साबण नाही.

खारा_शेंगदाणा
मामाला फोन केला आत्ता, ऐंशीला आलाय. म्हणाला, तू सांगतेस तसं नाही, फडकं मी चोखलं होतं, तुम्हाला फक्त कोपरा मिळाला. आता खरं कोण सांगणार.

श्टुटगार्टची_सून
मामा जिंदाबाद.

पहिला_प्रयत्न
तुमचा धागा वाचून करायला घेतलं. एका भांड्यात साखर, पाणी नि लिंबूरसाचा पाक, दुसऱ्यात कॉर्नफ्लॉवर शिजवलं, मग एकत्र करून मंद गॅसवर ढवळत बसले. तासभर ढवळायचं होतं, मी पंचवीस मिनिटांत कंटाळले, मधे सासूबाईंचा फोन. आता ताटात गुलाबी खळ आहे. फ्रिजमध्ये ठेवलं तर जमेल का?

फिरस्ता_सातारकर
फ्रिजमध्ये नको, साखरेला पाणी सुटतं. पुन्हा गॅसवर चढवा आणि फोन सायलेंट करा.

पहिला_प्रयत्न
ताटातून निघतच नाहीये पण.

निवांत_काकू
गरम पाणी घाल आणि रात्रभर भिजत ठेव बाई. ताट स्टीलचं आहे ना?